माझ्या हातचा मसालेभात

नांदेडच्या एका कॉलेजात मी एकवीस वर्षांपासून सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. अभ्यासक्रम दोन-तीनदा बदलला, पण अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा धडा काही कुणी काढला नाही, आणि तो मला तोंडपाठ आहे. कुठला जंतू कशात वाढतो, किती तासांनी पोटात ढवळायला लागतं, उलटी आधी की जुलाब आधी, हे मी वहीकडं न बघता सांगू शकते. मुलं माझी नक्कल करायची तीही याच धड्याची. "दिसायला चांगलं, वासाला चांगलं, चवीला चांगलं, तरीही!" असं म्हणून मी म्हणे खडू हवेत धरायची आणि सगळ्या वर्गाकडं एकेक करून बघायची. हे मला गॅदरिंगमध्ये एका मुलीनं माझ्यासारखी साडी नेसून करून दाखवलं तेव्हा कळलं.

एवढं सगळं येणाऱ्या बाईच्या हातून जे झालं ते सांगताना आता हसू येतं. तेव्हा नव्हतं येत.

झालं असं, की दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी एक प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं, जंतू म्हटलं की लोकांना रोगच आठवतो, पण दही कोण लावतं? इडलीचं पीठ कोण फुगवतं? तेव्हा जंतूंनी केलेले पदार्थ मांडायचे, प्रत्येकापुढं कार्ड लावायचं, कुठल्या जंतूनं काय केलं ते लिहायचं आणि बाकीच्या विभागांना बोलवायचं. नाव ठेवलं, 'जंतू आपले मित्र'. आमचे विभागप्रमुख सर निवृत्तीला आलेले, शांत स्वभावाचे आणि खाण्याचे भोक्ते. त्यांनी अर्ज पुरता वाचायच्या आधीच सही केली.

मग कोण काय आणणार याची यादी सुरू झाली. कुणी ढोकळा, कुणी जिलबी, कुणी आंबोळी. मुखेडची एक मुलगी म्हणाली, कुरडयांचा चीक आणते. शेवटच्या बाकावरची एक मुलगी मात्र हात वर करावा की नाही अशा बेतात बसली होती. ती नायगाव तालुक्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीनं यायची. वर्गात बोलायची कमी, पण प्रॅक्टिकलच्या वहीत तिचं अक्षर आणि आकृत्या बघत राहाव्यात अशा.

"तुझं काय गं?" मी विचारलं.

"मॅडम, माझी आई अंबील करती," ती म्हणाली. "ज्वारीच्या पिठाची, आंबवून. लई छान करती. चालंल का?"

"चालेल काय, पळेल," सर मागून म्हणाले.

पदार्थ पुष्कळ झाले, पण सगळे चव घेण्यापुरते. चाळीस-पन्नास मुलं सकाळपासून उभी राहणार, त्यांच्या पोटाचं काय? तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं, "जेवणाचा मसालेभात माझ्याकडून." माझ्या हातचा मसालेभात आमच्या स्टाफरूममध्ये प्रसिद्ध आहे. म्हणजे होता.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारच्या घरून मोठं पातेलं आणलं. तोंडली, वांगी, मटार, वर भरपूर काळा मसाला. सातच्या सुमाराला भात झाला. घरातल्या आम्ही सगळ्यांनी आठ वाजता गरमगरम जेवून घेतला. माझ्या सासूबाई उदगीरकडच्या. ऐंशीच्या घरात आहेत, पण कान आणि डोळे दोन्ही तिखट. जेवण झाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"भात परातीत पसरून ठेव गं," त्या म्हणाल्या. "असा ढीग झाकून ठेवला तर घामेजतोय."

"आत्याबाई, सकाळी गरम करायचाच आहे," मी म्हणाले. "आणि एवढा भात पसरायला पराती कुठून आणू?"

"दोन हायत की फळीवर."

मला दुसऱ्या दिवशीच्या कार्डांवर जंतूंची नावं लिहायची होती. मी पातेल्यावर झाकण ठेवलं, वरून जाड चादर गुंडाळली, म्हणजे सकाळपर्यंत कोमट राहील आणि गरम करायला वेळ लागणार नाही, आणि कार्डं घेऊन बसले. मार्च महिना होता. नांदेडात मार्च म्हणजे पंखा पाचवर ठेवूनही गार वाटत नाही.

सकाळी भातावर पाण्याचा हबका मारून तो चांगला वाफवला, वर खोबरं-कोथिंबीर घातली आणि पातेलं रिक्षात घालून कॉलेजला आणलं. रिक्षावाला सबंध रस्ताभर म्हणत होता, "बाई, वास लई भारी सुटलाय."

प्रदर्शन झोकात झालं. इतिहास विभागाची मंडळी आली, कॉमर्सची आली. प्राचार्य आले, त्यांनी अंबील प्यायली, जिलबी खाल्ली, कार्डं वाचली. नायगावकडच्या त्या मुलीनं पहाटेच्या एसटीनं स्टीलची कॅन मांडीवर धरून आणली होती, झाकणाला ओढणीची गाठ मारून. तिच्या अंबिलीपुढं गर्दी होती. लसूण-जिऱ्याच्या फोडणीचा वास आणि आंबूस चव. कॉमर्सची एक मुलगी नाक मुरडून म्हणाली, "ही तर आंबलीय," आणि आमच्या मुली एका सुरात म्हणाल्या, "आंबवलीच आहे!" मी परीक्षक होते. प्रत्येक टेबलावर चमचा चमचा चाखत फिरत होते. एक वाजता मसालेभात वाढला. पातेलं अर्ध्या तासात रिकामं. सरांनी दोनदा घेतला. माझं पोट चाखून चाखूनच भरलं होतं, म्हणून मी भात घेतला नाही. रात्रीच्या रखवालदारासाठी एक डबा मात्र भरून ठेवला.

तीन वाजता समारोप होता. प्राचार्य बोलायला उभे राहिले. "आपण उगाच जंतूंना घाबरतो," ते म्हणाले. "खरं तर जंतू हे आपले मित्र आहेत." आणि नेमकी त्याच वाक्याला पहिल्या रांगेतली एक मुलगी तोंडावर हात धरून उठली आणि पळाली. कुणाला काही वाटलं नाही. मग दुसरी उठली. मग एकदम तिघीजणी. प्राचार्यांना वाटलं भाषण लांबलं, म्हणून त्यांनी आवरतं घेतलं. तोपर्यंत बेसिनपाशी रांग लागली होती. विभागप्रमुख सर खुर्चीत बसल्याजागी घामानं डबडबले होते आणि माझ्याकडं बघून मान हलवत होते, म्हणजे मला काही होत नाहीये अशी. दोन मिनिटांनी तेही गेले.

आम्ही दोन रिक्षा आणि एका प्राध्यापकांची गाडी करून त्यांना जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं एकेकाची नाडी बघितली, दोघींना सलाईन लावलं, बाकीच्यांच्या हातात ओआरएसचे ग्लास दिले आणि मग मला विचारलं, "कशाचा कार्यक्रम होता?"

"सूक्ष्मजीवशास्त्र विभागाचं प्रदर्शन होतं," मी म्हणाले.

"म्हणजे जंतूंचं?"

"हो."

तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. हसू दाबायला गेली आणि जमलं नाही. "मॅडम, माफ करा," ती म्हणाली. "पण एवढं यशस्वी प्रदर्शन मी बघितलं नव्हतं."

संध्याकाळपर्यंत सगळेजण ठीक झाले. उलट्या थांबल्या, कुणाला ताप नव्हता. सलाईनवाल्या दोघी सात वाजता आपापल्या घरी गेल्या. एकूण सतरा जण. मी प्रत्येकाच्या घरी फोन केला, प्रत्येक आईचं बोलणं ऐकून घेतलं. घरी पोचले तेव्हा सासूबाई वाट बघत होत्या. मी त्यांना सांगितलं, प्रदर्शनातलं काहीतरी मुलांना बाधलं. त्यांनी विचारलं, "काय बाधलं?" मी म्हणाले, "माहीत नाही अजून." आणि खरंच सांगते, त्या क्षणी माझ्या मनात मसालेभात आलाच नाही.

रविवारीच वर्गाच्या ग्रुपवर निकाल लागला होता. कुणी लिहिलं, पनीर कुणी आणलं होतं का? कुणी लिहिलं, दही. आणि मग कुणीतरी लिहिलं, 'अंबील. वासच तसा होता.' त्याच्याखाली दहाबारा अंगठे. सोमवारी ती नायगावकडची मुलगी आली नाही. मंगळवारी आली, पण प्रॅक्टिकलला कुणी तिच्या टेबलाला आलं नाही. मी बघितलं, ती स्लाइडवर स्लाइड पुसत होती. स्वच्छ असलेल्याच.

तास संपल्यावर मी तिला थांबवलं.

"काय झालं?"

"काही न्हाई मॅडम." मग स्लाइडचा डबा बंद करत म्हणाली, "माझी आई शुक्रवारी दिसभर त्याच्यात होती. जात्यावर दळलं. गिरणीचं पीठ चांगलं लागत न्हाई म्हणली. आता मी घरी काय सांगू?"

"घरी कळलंय?"

"न्हाई. विचारून राहिली, आवडली का मॅडमला. मी म्हणलं हाव."

मला त्या ग्रुपचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. इतकी वर्षं मी शिकवत होते की विषबाधा झाली की बोट दाखवायचं नसतं, मोजायचं असतं. कुणी काय खाल्लं ते विचारायचं, आणि आजारी पडले त्यांनाच नाही तर न पडलेल्यांनाही विचारायचं. हे फळ्यावर दर वर्षी लिहीत होते. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझाच वर्ग वासावरून शिक्षा देत होता.

बुधवारी मी वर्गात सांगितलं, "आपण शोधून काढू. धडा आहे ना, मग करून बघू." चार मुलींची एक तुकडी केली. त्यात तिचं नाव मीच घातलं. मागून कुणीतरी कुजबुजलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं. मग प्रदर्शनातल्या पदार्थांची यादी मी माझ्या हातानं काढून दिली: इडली, ढोकळा, जिलबी, आंबोळी, दही, ताक, चीक, अंबील, लोणचं. "मोबाइलवर फॉर्म करा, सगळ्यांकडून भरून घ्या, आणि शनिवारी माझ्यापुढं तक्ता आला पाहिजे."

शुक्रवारीच ती आली. एकटी. मी स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. तिनं हातात आलेखाच्या कागदाची गुंडाळी धरली होती. ती टेबलाजवळ उभी राहिली.

"झाला तक्ता?"

"झालाय मॅडम."

"मग दाखव की."

"बाकीच्या तिघी म्हणल्या, तूच जा."

तिनं कागद उलगडला. शाईनं आखलेल्या रेघा, एकेका पदार्थाला दोन घरं: खाल्लं त्यातले किती आजारी पडले, नाही खाल्लं त्यातले किती. अंबिलीच्या घरात मी बघितलं. प्यायलेल्यांतले काही आजारी होते, पण प्यायलेले जास्त जण ठणठणीत होते. प्राचार्यांसकट. न प्यायलेलेही आजारी होतेच. इडलीचं तसंच. जिलबीचं तसंच. कशाचाच मेळ बसत नव्हता. मला बरं वाटलं आणि पंचाईतही वाटली.

"मग कशानं झालं?" मी म्हणाले. "काहीतरी राहिलंय."

"एक घर जास्तीचं हाय मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या यादीत नव्हतं. मी खाली जोडलंय."

कागदाच्या तळाला, पट्टीनं नीट रेघ मारून, तिनं लिहिलं होतं: मसालेभात. आजारी सतराच्या सतरा जणांनी खाल्ला होता. ज्यांनी खाल्ला नव्हता त्यांतलं एकही माणूस आजारी नव्हतं.

मी तो आकडा पुन्हा वाचला. मग मी जे बोलले ते आठवलं की आजही कान गरम होतात. मी म्हणाले, "छे! आमच्या घरात सगळ्यांनी तोच भात खाल्ला. एकालाही काही झालं नाही. माझ्या सासूबाई ऐंशीच्या आहेत."

तिनं त्या शेवटच्या घरावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "किती वाजता खाल्ला मॅडम?"

"आठ वाजता. रात्री."

"आणि केला किती वाजता?"

"सात."

"आणि इथं वाढला एक वाजता. दुसऱ्या दिवशी."

बाकीचं गणित तिनं माझ्यावर सोडलं. मीच ते दर वर्षी शिकवत होते ना. भात शिजताना जंतू मरतात, पण त्यांचे बीजाणू मरत नाहीत. उकळत्या पाण्यातही ते टणक कवचात दडून बसतात. भात गरम राहिला, म्हणजे फार गरम नाही आणि गारही नाही, नुसता अंगाला सोसेल एवढा, की ते बीजाणू उगवतात आणि रात्रभरात विष सोडतात. आणि ते विष असं चिवट की सकाळी कितीही वाफवलं तरी जात नाही. खाल्ल्यापासून काही तासांतच उलट्या. हे सगळं मला येत होतं. आणि मी त्या पातेल्यावर चादर गुंडाळली होती. बाळंतिणीला गुंडाळतात तशी.

मला रडू यायला पाहिजे होतं, पण आलं हसू. मी इतकी हसले की पलीकडच्या टेबलावरच्या मराठीच्या मॅडम दचकल्या. ती मुलगी आधी घाबरली, मग तिनं तोंडावर ओढणी धरली आणि तीही हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही दोघी हसलो. ते पाणी सगळंच हसण्याचं नव्हतं, तिचंही आणि माझंही.

"तुला सांगायला भीती नाही वाटली?" मी विचारलं.

"वाटली की. परवापासून वाटून राहिली. दोनदा दारापतूर येऊन गेले."

"मग?"

"मग म्हणलं, आईच्या अंबिलीला कुणी काय पण म्हणलेलं चालतं, अन् मॅडमच्या भाताला चालत न्हाई, असं कसं?"

मी तिला चहा पाजला. मग आम्ही भाताचा पुरावा शोधायला निघालो. सगळं पातेलं तर घासून परत गेलं होतं. पण रखवालदारासाठी भरलेला डबा? त्या गडबडीत तो त्याला द्यायचा राहूनच गेला होता. तो निघाला आमच्या प्रयोगशाळेतल्या फ्रिजमध्ये. त्या फ्रिजच्या दारावर कागद चिकटवलाय, 'यात खाद्यपदार्थ ठेवू नयेत'. अक्षर माझं.

डबा काढत होतो तेव्हा आमच्या विभागाच्या शिपाई मावशी तिथं आल्या. त्यांनी डबा ओळखला आणि दोन पावलं मागं सरल्या.

"काय झालं मावशी?"

"काही न्हाई."

"सांगा की."

"म्या बी खाल्ला व्हता," मावशी म्हणाल्या. "घरी जाऊन सांजच्याला लई वकले. चारदा. पण तुमच्या हातच्या भातानं झालं असं कसं म्हणू? लेकीला म्हणलं, ऊन लागलं."

म्हणजे अठरा. तक्त्यात मावशींचं नाव तिनं पेननं वाढवलं.

पुढचे दोन दिवस आमच्या प्रयोगशाळेत जेवढा उत्साह होता तेवढा मी कुठल्याच परीक्षेच्या वेळी बघितला नाही. भाताचा थोडा अंश आणि अंबिलीचा थोडा अंश. तिच्या कॅनच्या तळाशी उरलेली अंबील तिनं प्रदर्शनाच्या दिवशीच एका निर्जंतुक बाटलीत भरून ठेवली होती. मी विचारलं, का? तर म्हणाली, प्रॅक्टिकलच्या वहीला चित्र काढायचं होतं. दोन्ही वेगवेगळ्या प्लेटांवर लावले. त्या खास प्लेटांना अंड्याचा बलक लागतो. सरांनी स्वतः दुकानात जाऊन अंडी आणली. ते शाकाहारी. कागदात गुंडाळलेली ती अंडी त्यांनी अशी लांब धरून आणली की वाटेत सगळ्यांनी विचारलं.

भाताच्या प्लेटवर मोठ्या, चपट्या, निस्तेज पांढऱ्या वसाहती उगवल्या आणि प्रत्येकीभोवती ढगाळ कडं. मी त्या मुलीला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. ती बराच वेळ एक डोळा मिटून बघत राहिली. "जांभळ्या काड्या हायत," ती म्हणाली. "अन् काडीच्या पोटात रिकामी जागा दिसती. मोत्यासारखी."

"तेच बीजाणू," मी म्हणाले. "त्याचं नाव काय, सांग."

"बॅसिलस सिरियस."

मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, म्हणजे प्रकरण सिरियस होतं!" आणि आख्खी प्रयोगशाळा हसली. अंबिलीच्या प्लेटवर मात्र दह्यातले असतात तसले जंतू उगवले आणि हे दुसरे मुळीच नाहीत. आंबटपणात त्यांचं चालत नाही. सगळ्या प्रदर्शनात मुद्दाम जंतू घालून केलेला एकेक पदार्थ निर्दोष निघाला होता. ज्यात जंतू नाहीत अशी माझी खात्री होती, तोच एक गुन्हेगार.

सोमवारी मी वर्गात उभी राहिले. तक्ता फळ्यावर लावला आणि सांगितलं, "अंबील निर्दोष आहे. दोषी मी आहे. माझ्या भातानं तुम्हाला आजारी पाडलं. मी माफी मागते. ज्यांनी अंबिलीला नाव ठेवलं त्यांनी ज्याची त्यानं मागावी."

शेवटच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, हा प्रश्न परीक्षेला येणार का?"

"दहा मार्कांना," मी म्हणाले.

मधल्या सुट्टीत त्या मुलीच्या टेबलाभोवती गर्दी होती. कॉमर्सची ती नाक मुरडणारी मुलगीसुद्धा आली आणि करण्याची रीत लिहून घेऊन गेली. प्राचार्यांना मी लेखी कळवलं. त्यांनी बोलावून घेतलं. ते अंबील पिऊन, भात वाढायच्या आधीच वर आपल्या ऑफिसात गेले होते आणि थेट समारोपालाच खाली आले होते, म्हणून वाचले होते. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी प्रदर्शन जरूर करा. जेवणाचा डबा मात्र ज्याचा त्यानं आणायचा."

संध्याकाळी मी नायगावच्या त्या खेड्यात फोन केला. तिच्या आईला झाला प्रकार सगळा सांगितला, न लपवता. त्यांना आधी कळेनाच की मी माफी कशाची मागते. मग म्हणाल्या, "आवं मॅडम, तुमी मोठी माणसं. एवढं कशाला मनाला लावून घेता? भात हाय तो. आमच्याकडं बी नासतोय." आणि मग, "पोरगी खरं बोलली ना तुमच्याशी? उलट न्हाई ना बोलली?"

"खरंच बोलली," मी म्हणाले. "उलट अजिबात नाही."

घरी मी सासूबाईंना सांगितलं. त्या 'मी म्हणलं नव्हतं का' असं म्हणतील म्हणून मी तयारीत होते. त्या मान डोलावून झोपायला गेल्या. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर दोन्ही पराती फळीवरून खाली, ओट्यावर, घासून लख्ख केलेल्या.

त्यानंतर मी तो धडा वेगळ्या तऱ्हेनं शिकवते. खडू हवेत धरत नाही. सरळ सांगते, एका बाईनं असा असा भात केला. मुलं विचारतात, कोण बाई? मी सांगते. मग तो धडा त्यांच्या डोक्यातून जात नाही.

ती मुलगी पुढं लातूरला एम.एस्सी. झाली आणि तिथंच एका दुधाच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत लागली. माझी मोठी बहीण लातूरला असते. मागच्या दिवाळीनंतर मी तिच्याकडं गेले होते, तेव्हा या मुलीचा फोन आला, "मॅडम, लॅब बघायला या की."

गेले. दारातच तिनं मला अडवलं. पांढरा कोट, डोक्याला टोपी, आवाज अजून तसाच हळू. "मॅडम, चप्पल इथं. टोपी घाला. अन् बांगड्या काढा."

"बांगड्यापण?"

"बांगड्यापण."

मी काचेच्या बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. आत तिच्या हाताखालच्या दोन मुली होत्या. एकीनं विचारलं, "ताई, ह्या कोण?"

"माझ्या मॅडम हायत," ती म्हणाली. "माझी पहिली केस यांचीच."

तेवढ्यात बाहेर दुधाचा टँकर आला. तिनं मला एका स्टुलावर बसवलं आणि नमुना घ्यायला गेली. मी काचेतून बघत होते. तिनं नळी धरली, थेंब टाकले, घड्याळाकडं बघत थांबली, पुन्हा एकदा थेंब टाकले. मग बाहेर जाऊन ड्रायव्हरशी बोलली. तो हातवारे करून हुज्जत घालत होता, दूध सकाळचंच आहे असं काहीसं म्हणत असावा. ती हात मागं बांधून त्याचं ऐकत होती. तो थांबला की दोन शब्द बोलायची, पुन्हा ऐकायची. काचेमुळं मला काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं त्यानं डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली, आणि दूध न उतरवताच टँकर मागं घेतला.